जिजाचं मागणं

शत्रुघ्नच्या घरात सॅक्सोफोन आला तेव्हा त्याच्या बापाने पहिली गोष्ट काय केली, तर म्हशी गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधल्या. त्या पितळी नळकांड्याच्या आवाजाने म्हशी दूध चोरतात असं त्याचं ठाम मत होतं, आणि म्हाताऱ्यांच्या मताला पुरावा लागत नाही. तेव्हापासून शत्रुघ्न सराव करायला बांधाच्या शेवटाला जाऊ लागला, जिथे खाडीचं पाणी अडवायची झडप होती. तिथे ऐकायला बगळे होते. त्याचं खरं वाजवणं गावाने कधी ऐकलंच नाही, त्याची सुरुवात अशी म्हशींपासून झाली.

गाव वसईच्या खाडीकाठचं. खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, भात लावायचं आणि शेती नसेल तेव्हा मासळी मारायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शेजारच्या ख्रिस्ती वाडीत मात्र वॉल्टरच्या बापाचा बँड होता. चर्चच्या सणाला, लग्नाला आणि मयतालाही तो बँड लागायचा. शत्रुघ्न तिथे हौसेने गेला आणि तिथलाच होऊन बसला. वॉल्टरच्या बापाने त्याला कागदावरचे सूर वाचायला शिकवले, आधी क्लॅरिनेट आणि मग सॅक्सोफोन हातात दिला. हिंदूच्या पोराला त्याने बँडचा पांढरा गणवेश शिवून दिला तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी नाकं मुरडली. पुढे विसरले. लोकांना नाक मुरडायला रोज काहीतरी नवं मिळतच असतं.

पंचविशीत तो मुंबईला गेला. चर्चगेटकडच्या एका हॉटेलात तेव्हा संध्याकाळी जॅझ वाजायचं. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. शत्रुघ्न हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून त्यांनी त्याचा सॅमी केला, आणि हॉटेलच्या दारातल्या पाटीवर तो वीस वर्षं सॅमीच राहिला. जिजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. कधी राग आला की ती विचारायची, "आज जेवायला कोन येनार, आमचा मानूस का तो सॅमी?"

जॅझ म्हणजे काय, हे तिने एकदाच विचारलं. तो म्हणाला, "कागदावरचं वाजवनं म्हंजे बांधावरनं चालनं. जॅझमदी बांध सोडायचा, चिखलात उतरायचं, मनाला येईल तिकडं फिरायचं, आनि न पडता परत बांधावर यायचं." जन्मभर खाजणात वावरलेल्या बाईला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

पण ऐकायला तिला कधी मिळालं नाही. हॉटेलात वाजवणाऱ्यांना मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत घेत. त्यांच्या बायकांना कुठल्याच दाराने घेत नसत. सुट्टीत शत्रुघ्न गावी यायचा तेव्हा वॉल्टरच्या बँडमधून हळदीला आणि वरातीला वाजवायचा. तिथे लोकांना नाचायची गाणी लागत, आणि तो बिनतक्रार तीच वाजवायचा. सॅक्सोफोन म्हणजे वरातीतला तो मोठ्याने केकाटणारा बाजा, एवढीच गावाची समजूत झाली होती. जिजाचीही तीच. 'घरची करते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा' ही म्हण ती त्याला ऐकवायची, वरवर चेष्टेने. आतून तिला वाईट वाटायचं. शत्रुघ्न म्हणायचा, ऐकवीन एकदा. असल्या 'एकदा'ला तारीख नसते.

ब्याण्णवच्या डिसेंबरात मुंबई पेटली आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक घरी बसलं. हॉटेल पुन्हा नीट सुरू झालं तेव्हा बँडच्या जागी एक माणूस आणि एक कीबोर्ड होता. त्या यंत्रात सॅक्सोफोनचंही बटण होतं. मॅनेजरने ते कौतुकाने दाबून दाखवलं. शत्रुघ्नने ऐकून घेतलं, "बरं आहे" म्हणाला आणि आपल्या सॅक्सोफोनची पेटी उचलून मागच्या दाराने बाहेर पडला. सिनेमाच्या रेकॉर्डिंगची कामं अधूनमधून मिळायची, तीही त्याच यंत्राने खाल्ली. दुसरा कोणी असता तर भांडला असता, निदान दारू पिऊन चार शिव्या तरी घातल्या असत्या. शत्रुघ्नला भांडता येत नसे. त्याला फक्त गप्प राहता येत असे, आणि हा गुण चांगला की वाईट हे त्याचं त्यालाही पुढे कळायचं होतं.

सातिवलीच्या एका गोदामात तो खोकी भरायच्या कामाला लागला. तिथे कोणाला ठाऊक नव्हतं की हा माणूस एके काळी काळा कोट घालून जॅझ वाजवायचा. सुट्टीच्या दिवशी वॉल्टरचा बँड होताच. संध्याकाळी बांधाचं टोक होतं. जिजा बाजारात भाजी विकायची, वॉल्टरच्या बायकोबरोबर, एमिलीबरोबर. एमिलीचं माहेर होळी गावचं, तिथल्या बागेतली केळी आणि वांगी या दोघी मिळून विकायच्या. एकीची टोपली रिकामी झाली की ती दुसरीच्या टोपलीपाशी बसून गिऱ्हाइकं ओढायची.

अठ्ठ्याण्णव साली एमिली गेली. वाडीतल्या रिवाजाप्रमाणे मयताला बँड निघाला. शवपेटी घरातून उचलली की बँड पुढे, संथ गीतं वाजवत चर्चपर्यंत आणि पुढे दफनभूमीपर्यंत जायचं. त्यातही बँडवाल्यांचा आपसातला एक नियम होता. आपल्यातल्या कोणाच्या घरी मयत झालं तर बोलावण्याची वाट पाहायची नाही. गणवेश चढवायचा, वाद्य घ्यायचं आणि त्याच्या अंगणासमोर जाऊन उभं राहायचं. शत्रुघ्नने असं कितीतरी घरांसमोर उभं राहून वाजवलं होतं.

पेटी खड्ड्यात उतरवली तेव्हा शेवटचं गीत वॉल्टरने ट्रंपेटवर वाजवायचं होतं. त्याने ट्रंपेट तोंडाला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला, पुन्हा खाली घेतला. मग त्याने शत्रुघ्नकडे बघून मान हलवली. शत्रुघ्नने ते गीत एकदा सरळ वाजवलं, जसं लिहिलेलं असतं तसं. दुसऱ्यांदा त्याने बांध सोडला. सूर कुठल्या कुठे गेला, खाली खाली उतरला, आता हरवतो की काय असं वाटलं, आणि अगदी हलकेच पुन्हा त्या गीताच्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबला. फादर पुस्तक मिटून उभे होते. बायकांत उभ्या असलेल्या जिजाने पदर तोंडावर घेतला होता, तो बराच वेळ तसाच राहिला.

घरी परतताना बांध लागला तशी तिने चाल मंद केली. मग म्हणाली, "एवढी वर्सं हे कुठं ठेवलेलं तुमी?"

"इथंच. बांधावर."

"बगळ्यांना ऐकवलंत, हाटेलातल्या लोकांना ऐकवलंत. मना हळदीची गानी."

तो मान खाली घालून चालत राहिला.

"एक मागते," जिजा म्हणाली. "मी मेली का माज्या पुढं असंच वाजवा. घरापासनं पार खाडीवर जाईपर्यंत. वरातीतलं नको, हेच."

"तू कशाला माज्या आधी जातेस?"

"ते देवाचं देव बघंल. तुमी द्याल का नाय ते बोला."

"देईन," शत्रुघ्न म्हणाला. तिने हात पुढे केला, त्याने त्यावर हात ठेवला. भर रस्त्यात बायकोचा हात धरायची त्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे दोघांनी आधी मागेपुढे बघून घेतलं.

त्यानंतरची वर्षं मात्र चांगली गेली. संध्याकाळी तो बांधावर जायचा आणि ती शेंगा सोलायचं काहीतरी मांडीवर घेऊन झडपेच्या कठड्यावर बसायची. नको तिथे नाक खुपसून सांगायची, आज गाण्यावर लवकर परत आलात, जरा लांब जायला हवं होतं. हॉटेलातल्या कोणत्याही गिऱ्हाइकापेक्षा तिचा कान बरा होता असं शत्रुघ्नला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात जिजाच्या अंगावर सूज यायला लागली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. सगळे उपाय झाले. शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलत नव्हती. एकदा त्याच्या मनगटावर हात ठेवून फक्त "इसरू नका" म्हणाली. काय विसरू नका, हे त्याने विचारलं नाही. पन्नाशी नुकती ओलांडलेली बाई, तिला घरी आणली ती पांढऱ्या चादरीत.

त्या सकाळी शत्रुघ्नने खाटेखालून पेटी ओढली. सॅक्सोफोनची रीड, म्हणजे ती बोरूची पातळ पट्टी, वाजवण्याआधी तोंडात भिजवावी लागते. ती दातांत धरून तो अंगणात बसला. लोकांना वाटलं, दुःखाने काहीबाही चावत बसलाय. इतक्यात वॉल्टर आणि सगळा बँड पांढऱ्या गणवेशात येऊन कुंपणाबाहेर ओळीने उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. नियमच होता.

शत्रुघ्नचा चुलतभाऊ जयराम भावकीत सगळ्यांत मोठा. तिरडी बांधता बांधता त्याचं तिकडे लक्ष गेलं. "हे कशाला आलं?"

"वाजवायला, दादा. मी पन वाजवनार. जिजानं मागितलंय."

जयराम दुष्ट माणूस नव्हता. जिजाच्या आजारात रात्रीअपरात्री रिक्षा आणायला तोच धावला होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे वरातीतला बाजा उभा राहिला, आणि त्याच्या मागे नाचणारी माणसं. "आपल्यात टाळ-मृदुंग चालतो," तो म्हणाला. "बाजा वरातीला. पिकलं पान असतं तरी एक वेळ समजलो असतो. ही बाय अर्ध्यात गेली, नातवंडाचं तोंड नाय बघितलं, आनि नवरा बाजा वाजवत नेतो? लोक बोलतील, सुटला म्हनून नाचतोय."

"तसं वाजवनं नाय ते, दादा."

"बाजा तो बाजाच. वाजला तर आमच्यातला एक मानूस खांदा देनार नाय, सांगून ठेवतो."

हरेश, शत्रुघ्नचा मुलगा, पुढे आला. वालीवच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, नुकतंच लग्न झालेलं, सासरची माणसं अंगणातच बसलेली. रडून त्याचे डोळे सुजले होते. "बाबा, आज नको ना. एक वर्ष पाळू. वर्षश्राद्ध झालं का वाजवा, तेव्हा कोन काय नाय बोलनार. मी सोता घेऊन जाईन तुम्हाला."

शत्रुघ्नने रीड तोंडातून काढून खिशात टाकली आणि कुंपणापाशी गेला. वॉल्टरने सगळं ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "तू फक्त हो म्हण. खांदा आम्ही देतो. आम्ही चौघं पुरे आहोत."

म्हणजे वाट होती. हे नंतर शत्रुघ्नला विसरता आलं नाही. त्याने मागे वळून हरेशकडे पाहिलं, मडकं हातात धरून उभ्या असलेल्या पोराकडे, आणि म्हणाला, "मना याच्या घरात राहायचंय, वॉल्टर."

बँड परत मात्र गेला नाही. वाद्यं काखेत मारून ते सगळे तिरडीच्या बरेच मागून, मुकाट्याने, खाडीकाठच्या स्मशानापर्यंत चालत आले. शत्रुघ्नला रडू आलं ते तेव्हा. बायको गेल्याचं होतंच. पण परक्यांच्या दारात आयुष्यभर वाजवलं आणि तिला बिनसुराची पोचवली, याची लाज त्याहून जास्त होती.

वर्ष पाळायचं ठरलं. सण नाहीत, गोडधोड नाही, गाणंबजावणं तर नाहीच. पेटी माळ्यावर गेली. वॉल्टरने बजावलं होतं, "ओठ मरतो रे. वाडीत येऊन फुंकत जा. माझ्या घरात कोण अडवतंय तुला?"

"नाय. पयला सूर जिजाचा. तिच्या आधी कोनाला नाय."

ओठ मरतो हे शत्रुघ्नला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? आठवडाभर खंड पडला तरी तोंड परकं होतं, हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलं होतं. पण तो खाजणातल्या शेतकऱ्याच्या पोटचा. बियाण्याचं भात कणगीत ठेवायचं, त्याला वर्षभर हात लावायचा नाही, घरात चूल थंड पडली तरी ते शिजवायचं नाही, आणि पाऊस आला की पेरायचं; ते उगवतंच. जिजाचा सूरही त्याने तसाच राखून ठेवला. भातासारखा सूरही राहील असं त्याला मनापासून वाटलं, आणि त्याच्या घरातल्या कोणालाही तसंच वाटलं असतं.

पावसाळ्यात त्याचे वरचे पुढचे दात हलायला लागले. हिरड्या सुजल्या, घास चावेना. सून दिपिका चांगल्या मनाची. सासऱ्यासाठी रोज मऊ भात आणि वरण करून करून तिलाच वाईट वाटायला लागलं, तेव्हा तिने बळेच त्याला वसईत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे काढावेच लागतील, कवळी बसवू. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवरच टेकतं. शत्रुघ्नने भीत भीत विचारलं, "कवळीनं फुंकता येतं?"

"फुगे ना?" डॉक्टर हसून म्हणाले. "येतात की. नातू झाला का?"

खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाने त्यांना जॅझ काय समजावून सांगायचं? ठणका असह्य होता. त्याने तोंड उघडलं. घरी आल्यावर दिपिकाने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना आता?" तो हो म्हणाला, आणि दुखणं थांबलं होतं हेही खरंच.

वर्षश्राद्धाच्या आधी वॉल्टर येऊन सॅक्सोफोन घेऊन गेला. खाऱ्या हवेने आतल्या चामड्याच्या गाद्या कुजल्या होत्या, चाव्यांना हिरवट बुरशी धरली होती. त्याने सगळं बदलून, घासूनपुसून आणून दिलं. "एकदा फुंकून बघ," तो म्हणाला. शत्रुघ्नने नकार दिला. श्राद्ध उद्यावर आलेलं होतं, आता आदल्या दिवशी नेम कशाला मोडायचा?

श्राद्धाचं जेवण झालं आणि जयराम स्वतःच म्हणाला, "चल रे शत्रुघन. बायकोचं मागनं ऱ्हायलंय तुजं. मेल्या मानसाचं मागनं घरात ठेवू नये." हरेशने शब्द पाळला, पेटी त्याने आपल्या हातात घेतली. बघता बघता सगळी भावकी निघाली, बायकासुद्धा. वाडीतून बँड आला. दुपार कलली होती, खाडीला भरती लागत होती. स्मशानात जिथे जिजाची चिता रचली होती तिथे आता नुसती सपाट काळी जमीन होती. सगळे अर्धगोल करून उभे राहिले. गाव आज पहिल्यांदा त्याचं ऐकायला आलं होतं.

शत्रुघ्नने रीड भिजवून बसवली. सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, तोंडाला लावला आणि फुंकला. आतून नुसती हवा गेली. त्याने ओठ आवळले, पुन्हा फुंकला. कवळी वर सरकली आणि बदक ओरडावं तसा एक तुटका आवाज निघाला. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्याने पाठ वळवली. कवळी काढून मुठीत घेतली आणि उघड्या हिरड्यांवर तोंड दाबून, मान फुगेपर्यंत, सगळा जीव एकवटून फुंकला. बोटं बरोबर पडत होती. त्या बोटांना सगळं आठवत होतं, कुठे उतरायचं, किती लांब जायचं, कुठून परत यायचं. पण आवाज नव्हता. बोटं नुसतीच चाव्यांवर चालत राहिली आणि त्यांची टकटक तेवढी ऐकू येत होती.

हरेशने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, ऱ्हाऊ दे."

तेव्हा वॉल्टर पुढे आला. त्याने शत्रुघ्नकडे एकदा बघितलं, विचारल्यासारखं. शत्रुघ्नने मान हलवली. वॉल्टरने ट्रंपेट उचलला आणि एमिलीच्या वेळचं ते गीत वाजवलं. सरळ वाजवलं, कागदावर असतं तसं. त्याला तेवढंच येत होतं. बांध सोडून जाणारं त्यात काही नव्हतं. जिजाने मागितलेलं ते हे नव्हतं, आणि हे तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त दोघांना कळत होतं.

गीत संपलं. बायका डोळे पुसत होत्या. जयरामने टोपी काढून हातात घेतली होती. तो शत्रुघ्नजवळ आला आणि म्हणाला, "असं असतं व्हय हे? आमाला वाटलं वरातीतलं कायतरी वाजवशील. असं हाय म्हनून ठाऊक असतं तर त्याच दिवशी वाजवत नेली असती जिजाला. तू बोलायचं तरी, बाबा. कोन नाय बोलला असता?"

शत्रुघ्नच्या मुठीत कवळी होती. ती त्याने शर्टाला पुसली आणि तोंडात बसवली, कारण तिच्याशिवाय त्याला शब्दही नीट फुटत नव्हते. मग म्हणाला, "हो, दादा. माजंच चुकलं."